ड्रमच्या वरची चार बोटं बुरशी

भर पावसाळ्यात गोंदियाकडच्या एका शेडवर गेलो तेव्हा ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांची, बॅच २४ दिवसांची होती. पक्षी खाद्य सोडून पाण्याकडे वळत होते, वजनही घटलं होतं. विष्ठा पातळ, ड्रिंकरखालचं (पाण्याच्या भांड्याखालचं) तूस गच्च ओलं, अमोनियाने डोळे चुरचुरत होते. मेलेला एक पक्षी फाडला, तर यकृत पिवळसर, बोटाने दाबताच तुटणारं.

"डॉक्टर, खाद्य तेच आहे, फक्त राईस मिलचा कोंडा आंबवून घालतो," शेडचे मालक भाऊ म्हणाले.

ड्रम २०० लिटरचा, आठवडाभर पुरणारा. झाकण काढलं तर वर चार बोटं हिरवट-काळी बुरशी. खालचा कोंडा मात्र चांगला आंबूस. "वरचं काढून खालचंच देतो ना!" पण बुरशीचं विष वरच्या थरापुरतं राहत नाही, आणि ते आंबवून जाईल या भरवशावर तर मुळीच राहू नये. अख्ख्या ड्रममधला कोंडा खड्ड्यात पुरायला लावला. गायीलाही नको, ॲफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं.

कोंडा नीट आंबला होता, पण रोज झाकण उघडल्याने आत हवा जात होती. म्हणून आता २५ किलोच्या जाड प्लास्टिक पिशव्या, रोज एकच फोडायची. कोंडा गिरणीतून आलेला ताजाच हवा, त्यातलं तेल काही तासांतच खवट व्हायला लागतं. १०० किलोला ६० लिटर पाणी, त्यातच २ किलो गूळ विरघळवायचा, आणि वर ४ लिटर ताजं ताक. मुठीत दाबला तर लाडू वळावा, पाणी गळू नये. दाबून भरायचा, तोंड घट्ट बांधायचं, फुगलेल्या पिशवीतली हवा काढून लगेच पुन्हा बांधायचं. तीन दिवसांनी पीएच (आंबटपणाचं माप) पट्टीवर ४.५ च्या खाली दिसला तरच पिशवी वापरायची.

वजन घटण्याचं कारण वेगळं होतं. भाऊ २० किलो खाद्य काढून २० किलो ओला कोंडा घालत. त्यात जवळजवळ ४५ टक्के पाणी, म्हणजे कोरडा माल जेमतेम ११ किलो, त्यातही प्रथिनं खाद्यापेक्षा कमी. कोरड्या हिशोबाने १० टक्क्यांवर जायचं नाही, म्हणजे ९० किलो खाद्याला साधारण १६ किलो ओला कोंडा, आणि प्रथिनांची तूट सोयापेंडीने भरायची. पहिले दहा दिवस तर पिलांना कोंडा नकोच.

मिसळलेलं खाद्य चार तासांत संपेल एवढंच टाकायचं. उरलेलं काढून फीडर धुऊन, कोरडे करूनच पुन्हा भरायचे. ओलं तूस त्याच दिवशी बदलायला लावलं आणि खाद्यात टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष धरून ठेवणारा पदार्थ) सुरू केला.