साखरेऐवजी गूळ घालता का?

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरी आलेलं कुणी ना कुणी कोकम सरबताचा घोट घेऊन विचारतंच, "गोड बेताचं आहे, पण छान लागतंय. साखरेऐवजी गूळ घालता का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

नाही. गूळ नाही, मधही नाही. साखरच, पण थोडी. माडाचा काळा गूळ मला जीव की प्राण, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांत तोच हवा. पण तोही मुख्यतः साखरच, आणि मधुमेहाच्या माणसाला तो मोकळेपणाने चालतो हा समज खरा नाही.

हे सगळं सासूबाईंमुळे सुरू झालं. त्यांना मधुमेह निघाला तेव्हा मी त्यांच्यासाठी बिनसाखरेचं सरबत वेगळ्या पेल्यात द्यायला लागले. दोन चवथींना त्यांनी ते मुकाट्याने घेतलं. तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, "मला नको गं, तहान नाही." सकाळपासून माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या, कामात राबलेल्या बाईला तहान नाही? तो पेला त्यांना किती टोचत होता हे मला तेव्हा उमगलं. वेगळा पेला त्याच दिवशी बंद केला. बदलायचं तर सगळ्यांचं तपेलंच.

पहिल्यांदा बाटलीतलं सिरप सोडलं. त्यात भिरंडापेक्षा, म्हणजे कोकमापेक्षा, साखरच जास्त असते. आता आठ-दहा सोलं (कोकमाच्या सुकवलेल्या साली) वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवते, चांगली कुस्करून गाळते आणि चार पेले पाणी घालते. भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ, आणि पेल्यामागे एकच चहाचा चमचा साखर. मिठाचं काम मोठं आहे. ते चिमटीएवढंच घातलं की आहे ती गोडी जास्त जाणवते. सोलं खारवलेली असली तर मात्र आधी चाखून बघा. बर्फही मी घालत नाही. पेय जितकं गार तितकी जिभेला गोडी कमी कळते, आणि मग हात पुन्हा साखरेच्या डब्याकडे जातो. माठातलं पाणी पुरतं.

साखर एकदम अर्ध्यावर मात्र आणू नका. आम्ही दर सणाला थोडी थोडी कमी केली, मुलांच्या लक्षातही आलं नाही.

कोजागरीच्या दुधाला तर फारच थोडी लागते. लिटरभर दुधात स्वतःचीच ४५ ते ५० ग्रॅम दुग्धशर्करा असते. दूध आटवलं की तिचं प्रमाण वाढतं. वेलची, जायफळ आणि बदामाची पूड असली की लिटरला दोन चमचे पुरे.

नाताळात शेजारची आंटी येते, तेव्हा सोलांचंच पाणी दालचिनी, लवंग, आलं घालून उकळते आणि संत्र्याची साल टाकून गरमच देते. साखर अर्धा चमचा. गेल्या वर्षी तिने कृती लिहून नेली.

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमची, म्हणजे सहाएक चमच्यांची मर्यादा सांगते, आणि मध व फळांचा रसही त्यातच मोजते. चवथीला माणूस चार घरी जातो, आणि नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तर असतातच.

सासूबाई अजून साखर मोजतात, डॉक्टरांना विचारूनच घेतात. पण या चवथीला सरबत त्यांनीच ढवळलं, आणि पहिला पेला स्वतः घेतला.