आय-५ २५००के, नोंद चौथी: मे महिन्यातल्या दुपारी ४.४ आणि २.४ गिगाहर्ट्झ

चिप तीच, इंटेलचा २०११चा आय-५ २५००के प्रोसेसर, ठरलेला वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टीडीपी (कूलरला काढावी लागणारी उष्णता) ९५ वॅट. तो ठरलेल्या वेगाहून वर आणि खाली चालवून पाहण्याची ही नोंद. मदरबोर्ड झेड६८ चिपसेटचा. एच६१ स्वस्तात मिळाला तरी या कामाला घेऊ नका, त्यावर मल्टिप्लायर वर जात नाही. (बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर म्हणजे प्रोसेसरचा वेग.) बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवरच ठेवलाय. या पिढीत पीसीआय एक्सप्रेस आणि साटाही (कार्ड आणि डिस्क जोडायच्या वाटा) त्याच क्लॉकवर चालतात, त्यामुळे तो १०५च्या आसपास नेला की प्रोसेसर टिकला तरी डिस्क दगा देते.

मागच्या खेपेला ४.४ गिगाहर्ट्झ १.२९ व्होल्टवर रात्रभर नीट चालला होता. इंदूरची रात्र इथेच फसवते. खोलीत २९ अंश होते, सर्वांत गरम कोर ७५वर. तीच सेटिंग दुपारी तीनला, खोलीत ३९ अंश असताना लावली, तर प्राइम९५च्या स्मॉल एफएफटीत (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) अकराव्या मिनिटाला निळी स्क्रीन, शेवटी १२४, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीचा कोड. यात कूलरचा दोष नाही. कोर ८५वर होता, ९८ची मर्यादा अजून लांब होती. पण तापलेले ट्रान्झिस्टर मंदावतात आणि त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज मागतात. १.३२ दिल्यावर दुपारी बारा ते रात्री आठ एकही चूक आली नाही. म्हणून शेवटची चाचणी भर दुपारीच घ्या.

आता खालची बाजू, आणि उन्हाळ्यात खरी मजा इथेच आहे. २.४ गिगाहर्ट्झला ०.९६ व्होल्ट पुरले. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ३.३ आणि १.२० व्होल्ट धरून हिशेब केला, तर ४.४ला वेग ३३ टक्के वाढतो, वीज मात्र ६१ टक्के. २.४ला वेग २७ टक्के घटतो आणि वीज निम्म्याहून खाली येते. (गळतीचा करंट यात धरलेला नाही.) पंखा अगदी हळू ठेवूनही ३९ अंशांच्या खोलीत कोर ६१वर थांबला.

खाली उतरायची पद्धत अशी: टर्बो, स्पीडस्टेप, सी१ई (वेग आपोआप वर-खाली करणाऱ्या सोयी) बंद, रॅम १३३३वर, व्होल्टेज मॅन्युअल. ०.०१नं उतरत जायचं, प्रत्येक पायरीला वीस मिनिटं. जिथे चूक येईल, त्याच्या ०.०३ वर थांबायचं.

ऑफसेटनं (चिप स्वतः मागते त्या व्होल्टेजमधून ठरावीक आकडा वजा करून) व्होल्टेज कमी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. लोडवर तासन्‌तास टिकलेलं मशीन नुसतं डेस्कटॉपवर असताना हँग होतं. ऑफसेट १६०० मेगाहर्ट्झच्या आयडललाही (काम नसतानाच्या स्थितीलाही) लागू होतो आणि तिथे मुळातच व्होल्टेज थोडं असतं. अशा वेळी लोडची चाचणी पुन्हापुन्हा करून काही हाती लागत नाही. वजा होणारा आकडा ०.०२नं कमी करा, म्हणजे व्होल्टेज तेवढं वाढेल, आणि मशीन रात्रभर रिकामं ठेवून बघा.

प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पुश-पिनचा (दाबून बसवायच्या चार खिट्यांचा) कूलर असेल तर बोर्ड उलटा करून चारही पांढऱ्या पाकळ्या फाकलेल्या दिसतायत ना, आणि प्रत्येकीतून काळी पिन बाहेर आलीय ना, ते पाहा. एक जरी अर्धवट बसली असेल तर वरचे सगळे आकडे व्यर्थ.

पुढच्या नोंदीत २.० गिगाहर्ट्झ, पंखा पूर्ण बंद.