आयर्विनला किती?

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

पाऊस थांबलाय, पागोळ्या मात्र गळताहेत. दहा वाजता आयर्विन पुलापाशी पाणी ३८ फूट ४ इंच होतं. आत्ता पोरानं मोबाइलवर बघून सांगितलं, तेवढंच आहे. अंग मोडून आलंय, डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून वही घेऊन बसलोय.

सांगलीबाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण पावसाळ्यात आमच्याकडं दोन माणसं भेटली की "बरं आहे का" नंतर, "आयर्विनला किती?" आधी. कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. व्हाइसरॉय गेला, त्याचं नाव पुलाला चिकटून राहिलं, आणि त्या पुलापाशी मोजलेल्या फुटांवर अख्ख्या गावाची झोप ठरते. ४० ला इशारा, ४५ ला धोका. ४० च्या अलीकडं-पलीकडंच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडची माणसं गाठोडी बांधायला लागतात. आमच्या गणपती पेठेतल्या गोदामाच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते ४६ च्या पुढं. हे आकडे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

मी त्या पेठेत एका पेढीवर २२ वर्षं आहे. व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर, बाजारात दिवाणजी. माल म्हणजे हळद आणि बेदाणा, थोडी मिरची. पगार मिळतो तो हिशेब लिहायचा, पण खरी नोकरी ऑगस्टमध्ये असते.

आज दुपारी तीनला पाणी ३६ च्या वर होतं आणि तासाला तीन-चार इंच चढत होतं. समोरच्या दुकानदारानं पोती भरायला सुरुवात केली. एकानं भरलं की दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो, मग तिसरा न विचारताच टेम्पो बोलावतो. टेम्पोवाला दारात उभा, भाडं दुप्पट, वर "दिवाणजी, लवकर बोला, तिकडं गिऱ्हाईक थांबलंय." मुकादम आणि आठ हमाल माझ्या तोंडाकडं बघत बसलेले. शेठ लेकीकडं पुण्याला. त्यांचे पाऊण तासात सहा फोन. सहावा असा : "दिवाणजी, सगळं उचला. आत्ताच्या आत्ता. हो की नाही तेवढं सांगा."

मी म्हणालो, "शेठ, दहा मिनिटांत फोन करतो." फोन गल्ल्यात टाकला आणि गल्ला बंद केला. माझ्या २२ वर्षांतली धीटपणाची कामं बोटावर मोजण्याइतकी आहेत, त्यात हे धरायला हरकत नाही.

वही काढली.

ही वही २०१९ नंतरची. तेव्हाचं सांगायला अजून जीभ जड होते. गोदामाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ मी स्वतः तांबड्या रंगानं मारून घेतली होती. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं होतं, त्यावर पाणी पेठेतल्या आमच्यापैकी कुणी बघितलेलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा पेठेत जो तो एकच विचारत होता, "२००५ एवढं येईल का?" आणि जो तो मान हलवून सांगत होता, "छे, तेवढं काही येत नाही." मी तरी शहाणपणा केला म्हणून फळ्यांवर फळ्या रचून सगळी थप्पी रेघेच्या हातभर वर नेली. पाणी ५७ च्या वर गेलं. रेघेच्या तीन फुटांहून जास्त वर.

पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा आतला चिखल पिवळा होता. हळद भिजून फुगलेली, पोती हाताला लागली की फाटत होती. ओल्या हळदीला चार दिवसांत जो वास येतो तो मी लिहू शकणार नाही. तांबड्या रेघेच्या वर भिंतीला एक पिवळी रेघ उमटली, ती दोनदा चुना मारूनही पुसट दिसते.

त्यावर मी फार डोकं खाजवलं. चूक फळ्यांची नव्हती, प्रश्नाची होती. "२००५ एवढं येईल का?" या प्रश्नातच मी पाण्याला कमाल मर्यादा घालून दिली होती. नदीनं ती वाचली नव्हती. आणि या प्रश्नाचं उत्तर आणायला कुणाला पाठवताही येत नव्हतं. बसल्या जागी नुसता चघळायचा प्रश्न. आजची पातळी किती, तासाला किती चढतंय, माझ्याकडं माणसं किती, थप्पी खाली करायला किती तास लागतील, यांची उत्तरं माणूस पाठवून, मोजून आणता आली असती. मी त्यातलं काही विचारलं नाही. दिवसभर पुराबद्दल बोलत होतो, म्हणून विचार करतोय असं वाटत होतं.

धाकट्या भावाची मुलगी मिरजेत एका ऑपरेशन थिएटरला नर्स आहे. त्या दिवाळीला तिच्याशी बोलता बोलता विषय निघाला. ती म्हणाली, "काका, आमच्याकडं याची यादीच असते." जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये काढलेली, १९ मुद्द्यांची. भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी, असं तीनदा थांबायचं. पेशंट हाच ना? कुठलं ऑपरेशन? डावी बाजू की उजवी? मोठमोठे सर्जनसुद्धा हे मोठ्यानं म्हणतात. मला गंमत वाटली ती एका गोष्टीची. चीर द्यायच्या आधी खोलीतला प्रत्येक जण आपलं नाव आणि काम सांगतो. मी हसलो. म्हटलं, "रोज एकमेकांची तोंडं बघता, नावं काय सांगता?" ती म्हणाली, "एकदा नाव सांगायला तोंड उघडलं की पुढं काही चुकताना दिसलं तर बोलायला पण उघडतं."

तेव्हा मी तिची यादी माझ्या धंद्याला बेतायची ठरवली. नावांचं तेवढं वगळलं. आमच्यात कशाला हवंय.

पहिला प्रयत्न फसला. २०२१ च्या जुलैत वही होती, पण प्रश्न सोळा होते. त्या वर्षी पाणी असं वेगानं चढलं की नववा प्रश्न लिहीपर्यंत पेठेकडं यायचा रस्ता बंद. निम्मा माल हलला, निम्मा राहिला. पाणी ५५ च्या आसपास थांबलं. प्रश्न विचारणं हीसुद्धा हात न हलवण्याची एक इभ्रतदार पद्धत असते, हे त्या वर्षी कळलं. मग बारा कापले, चार ठेवले.

शेठचा मुलगा मला मन शांत ठेवायचे व्हिडिओ पाठवतो. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. घेतो की. तोवर टेम्पोवाला दुसऱ्याकडं जातो.

तर आज वहीत पहिली ओळ लिहिली : दिसतंय काय? पोराला सरकारी घाटाकडं पिटाळलं, मुकादमाच्या मोबाइलवर पातळी बघितली. ३६ फूट ७ इंच. उंबऱ्यापर्यंत अजून साडेनऊ फूट. तासाला चार इंच धरलं तरी एक दिवस सहज. मग दुसऱ्या बाजूनं मोजलं. ४३० पोती आणि बेदाण्याचे बॉक्स वेगळे. एका टेम्पोत ४५ पोती. म्हणजे दहा खेपा, दोन टेम्पोंना पाच-पाच. कुपवाडच्या गोदामाला भरून, जाऊन, उतरवून परत यायला दीड तास. साडेसात-आठ तास. म्हणजे माझ्याकडं वेळ होता, पण समोरच्या दुकानदाराला वाटतो तेवढा कमीही नाही आणि मला २०१९ ला वाटला तेवढा जास्तही नाही. छातीतली धडधड त्या आकडेमोडीनंच निम्मी झाली. बेरीज-वजाबाकी करताना माणसाला घाबरायला हात मोकळा राहत नाही.

दुसरी ओळ : हे कुणी सांगितलं? शेठ एवढे का पेटले ते विचारायला हवं होतं. गल्ल्यातून फोन काढून त्यांनी पाठवलेली क्लिप ऐकली. एक माणूस कापऱ्या आवाजात सांगत होता, कोयनेचे सगळे दरवाजे पूर्ण उचललेत, आज रात्री सांगली पाण्याखाली, उद्या नागपंचमी आहे तरी कुणी नदीकडं जाऊ नका. मी दोनदा ऐकलं. नागपंचमी होऊन आठवडा झाला. क्लिप गेल्या वर्षीची तरी असेल किंवा त्याच्याही आधीची. कोयनेचं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि तिथून वळणं घेत इथं येतं, सोडल्या सोडल्या दारात येऊन उभं राहत नाही. आणि आमचं गणित एकट्या कोयनेचं कधीच नसतं. खाली हरिपूरला वारणा फुगलेली असली की आमचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं. क्लिपवाल्यानं वारणेचं नावही घेतलं नव्हतं.

तिसरी ओळ : मागं फिरता येईल का? माल हलवला आणि पाणी आलं नाही तर हमाली, वाराई, भाडं बुडालं. शेठ महिनाभर टोमणे मारतील. नाही हलवला आणि पाणी आलं तर त्या हळदीचं पुन्हा काही होत नाही. या ओळीला फार वेळ लागत नाही.

चौथी ओळ मला आवडत नाही, म्हणून ती ठेवलीय : मी भितोय कुणाला? लिहिलं, "शेठला." पेन थांबलं. खरं सांगायचं तर २०१९ ला त्या रात्री एक वाजता मला जाग आली होती. मनात आलं होतं, शेठना उठवावं, वरच्या मजल्यावर माल घेऊ म्हणावं. नाही केला फोन. ते म्हणतील, "दिवाणजी, २००५ बघितलंय ना तुम्ही, मग घाबरता कशाला?" या एका वाक्याला मी भ्यालो. पाण्याला नाही. हे मी शेठना आजवर सांगितलेलं नाही.

दहा मिनिटांची बारा झाली. फोन लावला.

"शेठ, क्लिप जुनी आहे. सगळं आत्ता उचलायचं नाही. हळद पावडर आणि बेदाणा आज नेतो, खालची पोती आज. वरच्या थराचं रात्री अकराला पाणी बघून ठरवू. टेम्पो मात्र दोन्ही रात्रभर धरून ठेवतो, त्याचे पैसे जातील."

पलीकडं शांतता. मग, "आणि आलं तर?"

"४१ ला गेलं तर मी विचारणार नाही, उचलणार."

"बरं. जेवलात का?"

जेवलो नव्हतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर आजची नोंद झकास झाली असती. पण आठच्या सुमाराला तिसऱ्या खेपेनंतर चहा आला. आठांतला एक जण, नाव लिहीत नाही, त्याला चालायचं नाही, कोपऱ्यात उभा. खिशात फोन वाजतोय, तो न बघता बंद करतोय. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी खेकसलो, "उचल की लेका, नाहीतर बंद करून ठेव."

मुकादम हळूच म्हणाला, "दिवाणजी, त्याचं घर इनामदार प्लॉटात हाय. गल्लीच्या टोकाला पानी आलंय. बायकू एकटीच हाय, म्हातारी अंथरुणाला."

"मग बोलला का नाही?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमचा माल चाललाय. मधीच कसं बोलायचं?"

मी वहीत फूट लिहिले, इंच लिहिले, पोती, खेपा, नद्यांची गणितं. त्या आठ माणसांना कमाईचे तास म्हणून धरलं होतं. आठ हमाल, दीड तास, एक खेप. पुतणीच्या यादीतली मी वगळलेली तेवढीच एक गोष्ट, आणि नेमका तिथंच माणूस तोंड उघडायचा राहिला.

रिकामा टेम्पो कुपवाडला न पाठवता त्याच्याबरोबर पाठवला, दोन हमाल सोबत. म्हातारीला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं म्हणे. गॅस, टीव्ही, पेटी, एक शेळी. महापालिकेच्या शाळेत जागा मिळाली. तो दहाला परत आला आणि काही न बोलता पोतं पाठीवर घेतलं. मी म्हटलं, "आज राहू दे." म्हणाला, "तिथं बसून काय करू?"

अकराला पाणी स्थिर होतं. वरचा थर तसाच ठेवून शटर ओढलं.

आत्ता वहीच्या नव्या पानावर आठ जणांची नावं लिहिली आणि पुढं कोण कुठं राहतं ते. दोघं दत्तनगर, एक इनामदार प्लॉट, तिघं संजयनगर, एक कुपवाडला मेव्हण्याकडं. सात झाले. आठवा तो उंच, विजापूरकडचा. अकरा वर्षं आमच्याकडं पोती उचलतोय, कमी बोलतो. तो रात्री कुठं जातो ते मला माहीत नाही. सकाळी विचारायचं, सगळ्यांच्या आधी.

पोरगा दारातून सांगून गेला. ३८ फूट ३ इंच.