धाकट्याचा पहिला सप्रेसर

“ताई, .३०८ रायफलला पहिला सप्रेसर घेतोय. काय बघू?” न्यूझीलंडहून धाकट्याचा फोन. सप्रेसर म्हणजे बंदुकीचा आवाज कमी करायला नळीच्या टोकाला लावतात ते नळकांडं. मी दादरला कान तपासते, म्हणून मला विचारतो. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारच बंद. तिकडे हरणांची शिकार रीतसर चालते.

म्हटलं, आधी नळीच्या टोकाचे आटे जुळतात का बघ. दिवसभर डोंगरात वागवायचाय, तर हलका घे. पण आवाज १६० डेसिबलच्या पुढून फार तर वीस-तीसने उतरेल. गोळी आवाजाहून वेगाने जाते, तिचा कडाका उरतोच. कानात इअरप्लग हवेतच, राजा!

दिवाळीत आला होता तेव्हा त्याचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, मीच काढला. डाव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झला खाली गेलेली, म्हणजे त्या उंच सुराला कमी ऐकू येतं. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.