तुम्ही विचारलंत म्हणून: अर्ध्या ओळखीची माणसं

"काकू, एकट्या राहता, तरी इतक्या आनंदी कशा?" सोसायटीतली मुलं लिफ्टमध्ये विचारतात, भाची फोनवर विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या आनंदाचा मोठा वाटा अर्धवट ओळखीच्या माणसांकडून येतो.

सकाळी दूध तापवून झालं की मी शिवाजी पार्कात जाते. फोन घरीच राहतो. मैदानाभोवतीच्या कट्ट्याची एक फेरी किलोमीटरहून थोडी जास्त भरते. चालण्याचे फायदे तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यात सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर राहतं आणि रात्री झोप वेळेवर येते. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, म्हणून पावसाळ्यातही मी छत्री घेऊन निघते.

पण ओढ असते ती माणसांची. निळ्या टोपीवाले एक आजोबा उलट्या दिशेने चालतात, त्यामुळे एकाच फेरीत आमची दोनदा गाठ पडते. त्यांचं आडनाव मला माहीत नाही, गुडघ्याची खबर मात्र रोज मिळते. परतताना भाजीवाल्या मावशी बजावतात, "आज मेथी नको नेऊस, जून आहे." आपल्याला काय चालेल, काय नाही, हे कुणीतरी लक्षात ठेवलंय, ही जाणीव मला दुपारपर्यंत पुरते. वॉचमनदादांच्या मुलीचं यंदा दहावीचं वर्ष. तिच्या गणिताची काळजी आता मलाही लागलीय.

जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार पटतो. कॉफीच्या दुकानात जाणाऱ्या काहींना त्यांनी सांगितलं, काम झटपट उरका. बाकीच्यांना सांगितलं, विकणाऱ्याकडे बघून हसा, दोन शब्द बोला. बोलणारे जास्त खुशीत बाहेर पडले, आणि आपण इथले आहोत ही भावनाही त्यांच्यात जास्त होती. जिवलग माणसं हवीतच. पण ती रोज हाताशी नसतात. माझी तर अर्धी परदेशात आहेत.

म्हणून दहा मिनिटांत घरपोच येणारं सामान मी शक्यतो मागवत नाही. आजारपणात ती सोय मोलाची आहे. एरवी मात्र तिच्यापायी दिवसभरातली चार बोलणी जातात, आणि एकट्या माणसाला ती परवडत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

मन आठवडेच्या आठवडे खचलेलं असेल, झोप-भूक उडाली असेल, तर कट्ट्यावरच्या गप्पांवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ वर फोन करा. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि बोलायला लाजत असाल, तर ज्यांच्याकडून रोज काही घेता त्यांच्यातल्या एकापासून सुरुवात करा. दूधवाले, इस्त्रीवाले, कुणीही. त्यांचं नाव विचारा, आपलंही सांगा. उद्या नावाने हाक मारा.