खुराड्याचे अंतर नेमके कुठून मोजायचे?

शहरातल्या घराच्या परसात चार कोंबड्या पाळण्याची पालिकेची परवानगी मिळायला मला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला आणि तो जवळजवळ सगळा एकाच वाक्याच्या अर्थावर खर्च झाला. खुराडे शेजारच्या राहत्या घरापासून किमान २० फूट दूर असावे, असे नियमात लिहिले होते. मी निवडलेली जागा शेजाऱ्यांच्या घराच्या भिंतीपासून २६ फुटांवर होती, त्यामुळे निश्चिंत मनाने अर्ज आणि जागेचा नकाशा दिला. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला, कारण कुंपणापासून अंतर १४ फूटच भरत होते. नियमात कुंपणाचा उल्लेखच नाही, हे मी दाखवले, तेव्हा ‘आम्ही कुंपणापासूनच मोजतो’ एवढेच उत्तर मिळाले. मग नकाशात खुराडे परसाच्या मध्यावर घेऊन पुन्हा गेले, तर दुसऱ्या कर्मचाऱ्याने खुराडे सोडून कोंबड्यांना फिरण्यासाठी आखलेल्या जाळीच्या आवारापासून अंतर धरले आणि अर्ज पुन्हा नामंजूर केला. त्या संध्याकाळी मी संपूर्ण नियमावली पहिल्यापासून वाचली. सुरुवातीच्या व्याख्यांमध्येच खुराडे म्हणजे कोंबड्यांच्या मुक्कामाची छप्पर असलेली जागा, असे स्पष्ट दिले होते. त्या पानाची प्रत जोडून मी मूळ जागेसाठीच नवा अर्ज केला आणि अंतर कोणत्या कलमानुसार मोजले जाते, याचे लेखी उत्तर मागितले. आठ दिवसांत परवानगी आली. त्यांच्याच नियमावलीचे पहिले पान कोणीही उघडले नव्हते, याचा राग मला अजून येतो.

शेजाऱ्यांची संमती मात्र एका संध्याकाळीच मिळाली. कोंबड्याशिवाय अंडी कशी मिळणार, हा त्यांचा एकच प्रश्न होता. अंडी घालण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही, तो पिल्ले हवी असतील तरच लागतो, हे सांगताच आरवण्याची त्यांची काळजी मिटली. आमच्या नियमात कोंबडा पाळण्यास मनाई आहे, म्हणून लहान पिल्ले न आणता तलंगा, म्हणजे अंडी घालण्याच्या वयाला येत असलेल्या तरुण कोंबड्या, आणाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. पिल्लांमधला नर लहानपणी सहज ओळखू येत नाही, आणि माझ्या चारांपैकी एकाने तिसऱ्या महिन्यात आरवायला सुरुवात केल्यावर त्याला दुसरीकडे पाठवावे लागले.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी खाद्याच्या डब्याचे झाकण आणि जाळी पाहिली. पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण बाहेरच्या शिकारी प्राण्यांना अडवत नाही, म्हणून मी अर्ध्या इंचाची जाड जाळी लावून ती फूटभर जमिनीत पुरली होती. खुराड्यात प्रत्येक कोंबडीला सुमारे ४ चौरस फूट आणि आवारात १० चौरस फूट जागा धरली होती, तीही त्यांना पुरेशी वाटली.

हे खरे तर आधीच सांगायला हवे होते की भाडेकरारात किंवा गृहसंस्थेच्या नियमांत कोंबड्यांना मनाई असेल, तर पालिकेच्या परवानगीने ती मनाई उठत नाही, म्हणून नकाशा काढण्यापूर्वी ते कागद पाहून घ्यावेत.