तुम्ही विचारलंत म्हणून : कर्ज डोक्यावर असताना दशांश कसा द्यायचा?

दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला अर्पण करणं. आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांकडून हा प्रश्न साधारण अशा शब्दांत येतो : "महिन्याला बेचाळीस हजार हातात येतात. दशांशाचे चार हजार दोनशे बाजूला काढतो. क्रेडिट कार्डाचं लाखभर थकलंय, म्हातारपणासाठी काहीच साठलेलं नाही. दशांश थांबवला तर शाप लागेल का?" विचारणारा माणूस घाबरलेला असतो आणि त्याला दोन्हीकडून सल्ले मिळालेले असतात. एक म्हणतो, आधी देवाचं दे, बाकी तो पाहून घेईल. दुसरा म्हणतो, कर्ज फिटेपर्यंत अर्पणाची पाटी आली की पुढे सरकव. दोघांनीही त्याला व्याजाचा दर विचारलेला नसतो. मी पहिल्यांदा तोच विचारते.

कार्डाचंच घ्या. थकलेल्या रकमेवर बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. लाखावर ते ३,५०० रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ६३०. झाले ४,१३०. तुम्ही ५,००० भरलेत तर मुद्दल उतरते फक्त ८७० रुपयांनी. दरमहा न चुकता ५,००० भरत राहिलात तरी कार्ड फिटायला ४३-४४ महिने लागतात आणि तुमच्या खिशातून २ लाख १६ हजारांच्या आसपास जातात. बिलावर छापलेली 'किमान देय' रक्कमच भरत गेलात तर याहूनही लांबतं, कारण थकबाकी घटेल तशी ती रक्कमही घटते. शिवाय थकबाकी असलेल्या कार्डावर बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा त्याच कार्डावर घेतलात तर त्यावर त्या दिवसापासूनच व्याज चालू होतं. म्हणून पहिलं काम कार्ड वापरणं बंद करणं. ते होत नसेल तर पुढचं सगळं फोल.

दुसरं काम, हेच कर्ज स्वस्त करून घेणं. नोकरीच्या ठिकाणी सेवकांची पतपेढी असेल तर तिथे, नाहीतर पगार जमा होतो त्या बँकेत वैयक्तिक कर्ज मागा. वर्षाला १५ टक्के दरानं लाखाचा दोन वर्षांचा हप्ता ४,८५० रुपयांच्या आत बसतो. प्रक्रिया शुल्क वेगळं, ते आधी विचारा. म्हणजे जे ५,००० तुम्ही आत्ता भरताय तेवढ्यातच कर्ज २४ महिन्यांत संपतं आणि दशांशाला हात लावावा लागत नाही. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज बऱ्याचदा याहूनही स्वस्त पडतं. फक्त त्यात दर महिन्याला व्याज आणि थोडी मुद्दल अशी भरायची सोय मागून घ्या. वर्षअखेरीला एकरकमी फेडायचा प्रकार घेतलात तर बरेचदा ती रक्कम उभी राहत नाही आणि आईच्या पाटल्या लिलावाला निघतात.

आता समजा हप्ते चुकलेत, सिबिल खराब झालंय, कुणी कर्ज देत नाही, सोनंही नाही. अशा घराला मी दशांश कमी करायला सांगते. बंद करायला नाही. चार हजार दोनशेतले १,२०० चालू ठेवा. ज्या मंडळ्यांत मासिक वर्गणी थकली की सभासदाचे हक्क अडतात, तिथे वर्गणी त्यातूनच आधी भरा. उरलेले ३,००० कार्डाकडे वळवा, म्हणजे महिन्याला ८,००० जातील. कार्ड १८ महिन्यांत फिटेल आणि एकूण भरणा होईल १ लाख ४३ ते ४४ हजार. त्या १८ महिन्यांत मंडळीला ५४,००० कमी गेले आणि कर्ज फिटेपर्यंतचा हिशेब धरला तर कार्डाच्या बँकेला सुमारे ७२,००० कमी गेले. एकोणिसाव्या महिन्यापासून कार्डाच्या ८,००० मधले ३,००० परत दशांशाला जाऊन तो पूर्ण सुरू होतो आणि ५,००० मोकळे होतात. मनात राहिलेला अनुशेष भरून काढायचा असेल तर त्या ५,००० मधून अकरा महिन्यांत तो भरून निघतो. कार्डाला पूर्वीसारखेच ५,००० भरत राहिला असतात तर एकोणतिसाव्या महिन्यातही तुम्ही अजून व्याज भरत असता.

हे लिहून ठेवा. नवराबायको दोघांनी बसून, वहीत, तारखेसकट. 'जरा परिस्थिती सुधारली की देऊ' या बोलीवर कमी केलेला दशांश सहसा परत वर येत नाही. महिना आणि रक्कम लिहिलेली असली की येतो.

सावकाराचे शेकडा पाच असतील तर याच हिशेबानं त्याला कार्डाच्याही आधी फेडा. ते वर्षाला साठ टक्के होतात. घराचं किंवा शिक्षणाचं कर्ज मात्र दशांश कमी करण्याचं कारण नाही. तो हप्ता घरभाड्यासारखा खर्चात धरा आणि दशांश चालू ठेवा.

"पण मलाखीत लिहिलंय ना?" हो, बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात दशांश भांडारात आणा असं आहे, आणि न आणणं ही देवाची लूट आहे असंही आहे. ते भांडार मंदिराचं धान्यकोठार होतं. ज्यांना जमिनीत वाटा नव्हता त्या लेव्यांचं, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या कुळाचं, पोट त्यावर चालायचं, हे 'गणना' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सापडतं. 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्यात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायला सांगितलाय, लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. दशांश निघायचा तो शेताच्या उत्पन्नातून आणि कळपातून. उसन्या पैशातून दशांश काढा असं मला कुठेही दिसत नाही. तरीही लोक सोनेतारणाच्या रकमेतून, कार्डावरून पैसे काढून दशांश देतात. कर्ज हे उत्पन्न नव्हे. त्यातून दिलेलं अर्पण दुसऱ्याच्या पैशातून दिलेलं असतं. आणि मार्कच्या सातव्या अध्यायात, आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशू फार कडक बोलतो. वडिलांच्या औषधाचे पैसे मोडून दशांश पूर्ण करणाऱ्यानं तो उतारा सावकाश वाचावा.

दशांश कशावर काढायचा, हाही घोळ मोठा असतो. नोकरदाराचा मूळ पगार २५,००० असेल तर १२ टक्क्यांनी ३,००० पीएफला कापले जातात आणि कंपनीही तेवढेच घालते, त्यातला काही भाग पेन्शन योजनेत जाऊ शकतो. काहीजण कापणीआधीच्या पगारावर दशांश देतात, काही हातात आलेल्यावर. दोन्ही चालतं, पण मध्येच पद्धत बदलू नका आणि कोणती धरलीत ते त्याच वहीत लिहा. हातात आलेल्यावर देत असाल तर पीएफ मिळेल तेव्हा त्यावर दशांश बाकी आहे. कापणीआधीच्या पगारावर देत असाल तर तुमच्या वाट्यावरचा दिलेला आहे, कंपनीचा वाटा आणि व्याज तेवढं उरतं. तो दशांशही निवृत्तीच्या महिन्यात एकरकमी काढू नका. वीस लाख मिळाले म्हणून दोन लाख त्याच रविवारी देणारी माणसं पुढे औषधपाण्याला अडतात. रक्कम गुंतवा आणि घरखर्चाला जसजसे पैसे काढाल तसतसा त्यावर द्या. शेतकऱ्यानं कांद्याची पट्टी आली की आडत, हमाली, तोलाई, बियाणं, खत, मजुरी वजा करावी आणि उरेल त्याचा दशांश काढावा. अख्ख्या पट्टीवर काढला तर भाव पडलेल्या वर्षी तो तोट्यातून निघतो.

म्हातारपणाची बचत हा अविश्वास आहे, असं व्यासपीठावरून ऐकू येतं तेव्हा मला वाईट वाटतं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, जो घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वास नाकारला आहे, इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे. आकड्यांत बघा. पस्तिसाव्या वर्षापासून महिन्याला ५,००० रुपये ८ टक्क्यांनी वाढत राहिले तर साठाव्या वर्षी साडेसत्तेचाळीस लाख होतात. तेच पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू केले तर १७ लाख ३० हजार. दहा वर्षांत भरायचे राहिले ते सहा लाख, पण कमी पडले तीस. म्हणून कर्ज फेडतानाही पीएफला हात लावू नका, नोकरी बदलताना तो मोडू नका, नव्या खात्यात वळवून घ्या. पीएफ नसेल तर पीपीएफ वर्षाला किमान ५०० रुपयांवर चालू राहतो. कर्ज असेपर्यंत तेवढेच भरून तो नुसता जिवंत ठेवा. आणि कर्जाआधी दोन महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात साठवा, नाहीतर पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला कार्ड पुन्हा बाहेर येतं.

करसवलतीसाठी म्हणून दशांशाचं गणित बसवू नका. नव्या करप्रणालीत दानाची वजावट मिळत नाही. जुनीत ती आयकर खात्याची त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या दानावरच मिळते, आणि २,००० रुपयांवरचं रोख दान त्यातही धरत नाहीत.

कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मंडळीच्या मोठ्या मेळाव्यात, बांधकाम निधीसाठी उभं राहून आकडा बोलायची वेळ येते, तेव्हा कर्ज असलेल्यांनी बसून राहावं. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असं उपदेशकाच्या पाचव्या अध्यायातच आहे. रकमा नावानिशी वाचून दाखवत असतील तर खजिनदाराला भेटून आपलं नाव गुप्त दानात घालायला सांगा. पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, एकदा सरळ सांगा : "अमुक महिन्यापर्यंत एवढं देऊ, त्यानंतर पूर्ण." बहुतेक पाळक ते समजून घेतात, कारण त्यांच्याही घरी हेच चाललेलं असतं. कितीतरी पाळकांना पीएफ नाही, राहतं घर मंडळीचं, आणि निवृत्तीच्या दिवशी ते रिकामं करायचं असतं. तुम्ही मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीवर असाल तर दशांशातून पाळकांच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जाईल असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडा.